हनुमंताच्या हलक्या गोण्या

मी कल्याण, वजनकाट्यावर बसतो. आधी वीस वर्षं कांदा केला, लिलावात व्यापाऱ्यांशी भांडलो. त्यामुळं माणूस समोर आला की आधी त्याचे हात कुठं आहेत ते बघायची मला खोडच लागली.

शेवगाव रस्त्याला आमचा कारखाना आहे. गटारीचं पाणी साफ केल्यावर तळाला जो गाळ उरतो, तो टँकरनं आमच्याकडं येतो. तो फरशीवर वाळवायचा, गोण्यांत भरून माझ्या काट्यावर तोलायचा, बंद पिंपात हवा लागू न देता भाजायचा आणि झालेला काळा चुरा गॅसच्या भट्टीत टाकायचा. भट्टीला हवा मापूनच देतात, म्हणून चुरा नुसता धुमसतो आणि त्यातनं गॅस निघतो. त्यावर इंजिन चालतं, वीज होते. सोयरे आमच्या घरी चहाचा कप निरखून बघतात. बघू द्या, मला काय!

गाळ वाळवायला हनुमंत होता, पाथर्डीकडचा. बारा वर्षं नवरा-बायकोनं ऊस तोडला. इथं काम मिळालं तेव्हा बायकोला, सविताला, म्हणाला होता, "आता कोयता माळ्यावर टाक." पोरगी निकिता यंदा दहावीला. ती फडावर जाऊ नये, एवढ्यासाठी हा गडी दिवसभर त्या वासात उभा राहायचा. हे सगळं मला ठाऊक होतं. तरी मी काय केलं ते ऐका.

पाऊस उघडला, कडक ऊन पडायला लागलं आणि हनुमंताच्या गोण्यांचं वजन उतरायला लागलं. टँकर तेवढाच, गोण्या तेवढ्याच, तोंडापर्यंत भरलेल्या. पण दुसऱ्या पाळीच्या गोणीपेक्षा याची गोणी पाच-सहा किलोनं हलकी. आठवडाभर तेच. म्हटलं, कुठंतरी पाणी मुरतंय.

त्यात हा मोटारसायकलवर घरून रिकामी बारदानं बांधून आणायचा. "कशाला रे?" म्हटलं, तर म्हणाला, "लागत्यात." लागत्यात म्हणजे काय? सरळ उत्तर द्यायला काय जीभ झडते? आणि एकदा फरशीवर बसून मला म्हणाला होता, "कल्याण, असलं खत जाळायचं म्हंजी जिवावर येतं बघ." झालं! घरी दीड एकर रान, शेणखत मिळत नाही, आणि इथं सोनखताचे ढीग. हा गोण्या पोकळ भरतो आणि उरलेला माल बारदानात घालून रानात नेतो, असं माझ्या डोक्यात सगळं फिट्ट बसलं.

मी साहेबांच्या कानावर घातलं. त्यांनीही काही शहानिशा केली नाही, संध्याकाळीच त्याला सांगितलं, उद्यापासून येऊ नको. "पर मी केलं काय?" एवढंच त्यानं विचारलं. मी मोबाईलमध्ये डोकं घालून बसलो.

नवा माणूस आला, वजनं बरोबर भरायला लागली. मी खूश. चौथ्या दिवशी गॅस उतरला, इंजिन बंद पडलं. फिटरनं पाइप उघडला तर आत डांबरासारखा चिकटा. त्यानं एका गोणीत कोपरापर्यंत हात घातला आणि म्हणाला, "आतनं ओला हाय माल. पिंपात अर्धाकच्चा भाजतोय, मग डांबरच व्हनार. आधी निम्मा माल तरी खडखडीत यायचा, त्यावर निभायचं."

फरशी झाडणारी रंगुबाई तिथंच होती. ती म्हणाली, "हनुमंता दिसातनं चारदा गाळ वरखाली करायचा, खळ्यावर बाजरी हालवावी तसा. सांजच्याला दव बसू नये म्हनून घरची बारदानं झाकायचा."

चाळीत वाळलेला कांदा वजनाला घटतो, घट म्हणजे चोरी नव्हे, हे मी वीस वर्षं व्यापाऱ्यांना घसा फोडून सांगितलं होतं. आणि हनुमंताच्या बाबतीत मीच व्यापारी झालो. लाज वाटली मला, स्वतःची शिसारी आली.

साहेब म्हणाले, बोलवा त्याला. फोन लागेना, म्हणून मी गाडी काढून त्याचं गाव गाठलं. वेशीत ऊसतोडीला निघालेला ट्रक उभा होता. भांडी, बोचकी, कोयते वर चढलेले. निकिताही वर बसलेली.

"चल, साहेबांनी परत बोलावलंय," मी म्हटलं.

"आता न्हाई जमायचं. मुकादमाला सबूद दिलाय. मी सुटलो तर टोळी अडकंल." मग मला बाजूला घेऊन तो हळूच म्हणाला, "एक काम कर. साहेबाचं कान कुनी भरलं तेवढं हुडकून काढ. तिथं तुझ्याबिगर मला कुनाचाच भरवसा न्हाई."

सविता माझ्याकडं बघत होती. तोंडापर्यंत आलेलं मी गिळलं.

"काढतो," मी म्हणालो.

ट्रक सुटला. निकितानं वरून हात हलवला, "येते काका" म्हणाली. मीही हात हलवला.