फुली, रेघ, फुली, रेघ

गेल्या आठवड्यात एका सासूबाईंनी मला माझं काम शिकवलं... तेही पत्र्याच्या पेटीवर, कोळशाने!

मी नेवासा तालुक्यात एका सरकारी दवाखान्यात लॅब टेक्निशियन आहे. गावाबाहेर ऊसतोड कामगारांची टोळी उतरलीय, तिथे आम्ही हत्तीरोगासाठी रक्त तपासलं. हे जंतू रक्तात रात्री सापडतात, म्हणून जागून स्लाइड घेतल्या.

सविताच्या स्लाइडमध्ये जंतू सापडले. बावीसेक वर्षांची पोर, अंगावर पितं लेकरू, अधूनमधून ताप. तापाचं कारण मिळालं म्हणून मी खूश... सही ठोकली, विषय संपला.

चार दिवसांनी गोळ्या घेऊन तिच्या कोपीवर, म्हणजे पाचटाच्या झोपडीवर गेलो. आत पेटीवर कोळशाच्या खुणा होत्या. फुली, रेघ, फुली, रेघ... पोरांचा खेळ असेल म्हणून सहज विचारलं.

"ताप आला का फुली, न्हाई आला का रेघ," सासू म्हणाली. "फुलीच्या दिशी तिचा कोयता मी धरते, डाक्टर. आदी म्हाईत असलं का बरं पडतं."

मी डॉक्टर नाही, हे सांगायचंही भान राहिलं नाही. दिवसाआड ताप म्हणजे मलेरियाची शंका यायलाच हवी. हत्तीरोगाचे जंतू साध्या लेन्सखालीही दिसतात, मलेरियाचे मात्र तेलाचा थेंब टाकून मोठ्या लेन्सखाली शोधावे लागतात. आणि मी एक आजार सापडल्यावर दुसरा शोधलाच नव्हता... डास काय नंबर लावून चावतात?

गोळ्या तशाच बॅगेत टाकल्या, गाडी दवाखान्याकडे पळवली. तीच स्लाइड, तेलाचा थेंब... मलेरिया! चार दिवस माझ्याच टेबलावर पडून होता आणि ती पोर तिकडे तापाने कुडकुडत होती. फार लाज वाटली.

दुपारी डॉक्टर मॅडमना घेऊन गेलो. लेकरू अंगावर पितंय हे बघून त्यांनी दोन्ही आजारांची औषधं नीट ठरवून दिली. सासूबाईंना म्हटलं, "मावशी, चुकलं माझं."

"आसू द्या. पर आता रेघाच येत्याल ना?"

काल परत गेलो. सविता उसाच्या फडात गेली होती, मावशी नातवाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. पेटीवर सलग पाच रेघा...

सहावी ओढायला त्यांनी कोळसा माझ्या हातात दिला. इतक्या वर्षांत इतका जपून रिपोर्ट मी कधी लिहिला नव्हता.