काचेपलीकडची पाचपेडी वेणी

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. आमच्या घरात तर माझ्यावरच कोणाचा विश्वास नाही... मी साधी भाजी आणल्याची गोष्ट सांगितली तरी मुलगा होस्टेलवरून विचारतो, "मम्मा, इसमें सच कितना है?" म्हणून हे मीठमसाला न घालता लिहितेय.

यजमानांच्या पोस्टिंगमुळे आम्ही चंदीगडला, मुलगा होस्टेलवर, घर रिकामं. सत्तेचाळिसाव्या वर्षी मी इथे एम.एस्सी.ला प्रवेश घेतला — मानवविकास आणि कुटुंबसेवा. वर्गात मी सगळ्यांची 'आंटी'.

दुसऱ्या सेमिस्टरला बाल-निरीक्षणाचं प्रॅक्टिकल होतं. विभागाच्याच नर्सरीत एक खोली आहे — तिच्या काचेतून आम्हाला मुलं दिसतात, मुलांना मात्र आरसा दिसतो. जोडीतल्या दोघींनी एकाच मुलाकडे दहा मिनिटं बघायचं, मिनिटामिनिटाची नोंद करायची, आपसात बोलायचं नाही. मग कागद जुळवायचे. आत जाऊन मुलाला हात लावलात तर प्रॅक्टिकलमधून बाद.

माझी जोडीदार सिमरन, वय एकवीस. आमच्या वाट्याला साडेतीन वर्षांची गुन्नू. सकाळचे साडेदहा. बाकीची मुलं टीचरबरोबर अंगणात, गुन्नू केस मोकळे सोडून एकटीच बाहुल्यांपाशी. तिसऱ्या मिनिटाला पाहते तर तिच्यामागे एक बाई बसलेली. फिका हिरवा कुर्ता, चेहरा पलीकडे वळलेला. मदतनीस असेल, म्हणून मी मुकाट्याने लिहीत गेले — 'बाई केस विंचरते. पाचपेडी वेणी घालते. दुसरी वेणी.'

कागद जुळवायला बसलो.

"आंटी, कौन सी औरत?"

"अगं, हरे कुर्ते वाली! तू मोबाइल बघत होतीस ना?"

"मोबाइल तो बाहर जमा है, आंटी जी. आपका भी."

मग मला वाटलं, सगळ्या पोरींनी मिळून म्हातारीची फिरकी घेतली! तेवढ्यात गुन्नू बाहेर आली... दोन घट्ट पाचपेडी वेण्या. एकीचं टोक तोंडात. कोणी घातल्या विचारलं, तर घसरगुंडीकडे पळाली.

प्रॅक्टिकल घेणाऱ्या मॅडमनी दोन्ही कागद वाचले. वेणीचा उल्लेख फक्त माझ्या कागदावर. म्हणजे चोर सापडलाच की!

"आप अंदर गई थीं?"

"मॅडम, आंटी तो मेरे साथ थीं," सिमरन म्हणाली.

"तुम बच्ची को देख रही थीं या आंटी को?"

बावीस वर्षांनी हातात वही घेतलेली, ती अशी जाणार? मी ओरडलेच, "मॅडम, मला पाचपेडी येतच नाही!"

त्यांनी खुर्चीच्या पाठीला लोकरीचे पाच धागे बांधले. "बनाइए."

तीन प्रयत्न केले. प्रत्येक वेळी चौथ्या धाग्याशी गुंता. सिमरन फिसकन हसली, मॅडम हसल्या नाहीत.

"ठीक है. आप नहीं थीं." मग हलकेच म्हणाल्या, "वो औरत वाली लाइनें काट दीजिए. मैं साइन कर देती हूँ."

मी पेन उघडलं... आणि शेजारी पडलेला सिमरनचा कागद पहिल्यांदा नीट वाचला. तिसऱ्या मिनिटापासून दहाव्यापर्यंत तिने एकच ओळ पुन्हा पुन्हा लिहिली होती — 'अकेली बैठी है. गर्दन पीछे, आँखें बंद. हिलती नहीं.'

साडेतीन वर्षांचं मूल इतका वेळ आपणहून असं स्थिर बसत नाही. हे मॅडमनीच आम्हाला शिकवलंय.

ओळी न खोडताच मी पेन बंद केलं. प्रॅक्टिकल पुन्हा करावं लागलं, दुसऱ्या मुलाचं. माझ्या कागदावर त्या ओळी अजून तशाच आहेत. ती बाई कोण, हे मला आजही सांगता येत नाही.