तिसऱ्या ओळीनंतर

मुलांचं वाचन तपासायला एक मिनिट लागतं. मूल समोर बसवायचं, उताऱ्याचा कागद द्यायचा, मोबाईलवरचं घड्याळ सुरू करायचं. शब्द चुकला की आपल्या प्रतीवर त्याच्यावर तिरकी रेघ मारायची. मिनिट संपलं की बरोबर शब्द मोजून आकडा लिहायचा. मध्ये मदत करायची नाही आणि मूल अडलं तरी घड्याळ थांबवायचं नाही. मी केंद्रप्रमुख आहे, बारा शाळा माझ्याकडे. हे काम मला झोपेतही जमेल.

त्या दिवशी मी पांढरकवड्याच्या पलीकडच्या एका पोडावर होते. कोलामांच्या वस्तीला आमच्याकडे पोड म्हणतात. मुलं घरी कोलामी बोलतात, मराठी शाळेत येऊन शिकतात. चौथीत सात मुलं. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी शाळेत रोज दोन तास अक्षरांचा वेगळा वर्ग सुरू होणार होता आणि त्याची यादी मला संध्याकाळी पाठवायची होती. जून महिन्यात ही मुलं पाचवीला आश्रमशाळेत जाणार. तिथे एका वर्गात साठ-सत्तर मुलं असतात, अक्षरं कोणी शिकवत नाही. म्हणजे जे काय व्हायचं ते या चार-पाच महिन्यांत.

एकाचं वाचन दुसऱ्याच्या कानावर पडू नये म्हणून मी पोषण आहाराच्या खोलीत बसले. तांदळाची पोती, एक पत्र्याची पेटी, एक खुर्ची. वीज नव्हती. दुपारचे बारा वाजले होते आणि बाहेर काहीच हलत नव्हतं. बाया-माणसं कापूस वेचायला गेलेली.

पहिला मुलगा आला. कागद हातात घेतला आणि धडाधड वाचत सुटला. आई बाजाराला गेली, तिने वांगी घेतली, वांग्यात अळी निघाली, असा साधा उतारा. मागच्या वर्षी हीच मुलं पहिल्याच ओळीत अडकली होती. मी मनात खूश झाले. तिसरी ओळ संपली आणि तो थांबला. दाराकडे मान वळवून, हळू, जड आवाजात म्हणाला, "आलो, आलो." मग पुढची ओळ.

मीही दाराकडे पाहिलं. दारात कोणी नव्हतं. मुलाला कोणी हाक मारली असेल, मला ऐकू आली नसेल, असं समजून आकडा लिहिला.

दुसरा मुलगा. तिसरी ओळ. मान दाराकडे. "आलो, आलो."

तिसरी मुलगी होती. तीही तिथेच थांबली, तिनेही मान वळवली आणि "आलो, आलो" म्हणाली. मुलगी असून आलो. आवाज नऊ वर्षांच्या पोरीचा, पण बोलण्याची ढब थकलेल्या बाप्याची.

माझ्या हातातला पेन तसाच राहिला. पेटीवर ठेवलेल्या मोबाईलवर सेकंद पळत होते. मी सहसा घाबरत नाही, घाबरायला वेळ नसतो. पण चौथ्या मुलाला आत बोलावण्याआधी मी खुर्ची फिरवली आणि पाठ भिंतीला लावून बसले.

एकेक करत सहा मुलं झाली, सहाही जणांनी तेच केलं. मी नव्या शिक्षिकेला हाक मारली. पोरगी तरुण, दिवाळीनंतर रुजू झालेली.

"हे आलो-आलो काय आहे?"

ती ओशाळली. "ते गुरुजींचं आहे, मॅडम. तुम्हाले माहीत नाही?"

आधीचे गुरुजी पोळ्यानंतर वारले, ते मला माहीत होतं. पुढचं नव्हतं. आजारपणात घरी पडल्या-पडल्या ते उतारा वाचायचे आणि आवाज भरून पालकांच्या मोबाईलवर पाठवायचे. मुलांनी कागदावर बोट ठेवायचं आणि मागे म्हणायचं. वर्गातही त्यांची पद्धत तीच होती, मी सांगेन ते मागे म्हणा. शिक्षिकेने तिच्या मोबाईलवर लावून दाखवलं. श्वास लागलेला आवाज. आई बाजाराला गेली. तिसऱ्या ओळीनंतर दूरवर, दारातून आल्यासारखा बाईचा आवाज, "गाडी आली जी, चाला." मग गुरुजी, "आलो, आलो." आणि उतारा पुरा करूनच ते उठले.

"त्याच गाडीनं दवाखान्यात नेलं," शिक्षिका म्हणाली. "परत नाही आले. पोट्टे अजून रोज लावतात, सकाळ-संध्याकाळ."

"पण हा उतारा त्यांच्याकडे आला कसा? तपासणीचा कागद आहे हा."

"तुम्हीच देऊन गेलता म्हणे, मॅडम."

खरं होतं. मागच्या वर्षी गुरुजी म्हणाले होते, मॅडम, एक प्रत ठेवा, सराव करून घेतो. नियमात बसत नाही, पण माणूस कष्टाळू होता, मी ठेवली. वरून यंदाही तोच उतारा येईल हे कोणाला माहीत होतं? चूक माझी होती आणि ती त्याच दुपारी निस्तरायची होती.

सातवी मुलगी राहिली होती. शिक्षिका म्हणाली, "हे सगळ्यात फास्ट वाचते." माझ्या पिशवीत राखीव उताऱ्याचा एक कागद असतो, सहसा लागत नाही. तो मी तिला दिला. घड्याळ सुरू केलं.

तिने बोट पहिल्या शब्दाखाली ठेवलं. बोट चालायला लागलं, बाकीच्यांच्याच गतीने. तोंडातून आवाज नाही. एक ओळ, दोन ओळी, तीन. तिथे बोट थांबलं. तिने मान दाराकडे वळवली, थोडी थांबली, मान परत फिरवली आणि बोट पुढे निघालं. शेवटच्या शब्दापर्यंत. खोलीत एक शब्द पडला नाही.

"काहून वाचलं नाही?" मी विचारलं.

"याच्यात गुर्जी बोलूनच नाही राह्यले." तिने कागद उलटा करून मागची बाजू पाहिली. "त्या कागदात बोलते."

मी शून्य लिहिलं. सहाही मुलांना परत बोलावून तोच नवा कागद दिला. पाच शून्यं आणि एकाचे चार शब्द. आधीचे आकडे खोडले आणि बाजूला सही केली.

शिक्षिकेचा चेहरा पडला. "मॅडम, गावानं गुरुजींचा फोटो लावला शाळेत, हार घालतात. आता म्हणतील, नवीन मॅडम आली अन् पोट्टे वाचनं विसरले. मलेच बोलतील."

"माझं नाव सांग. म्हणावं, त्या म्हातारीनं केलं."

"तुम्ही कुठच्या म्हाताऱ्या!" ती हसली, पण डोळे पुसले.

ती सातवी मुलगी अजून गेली नव्हती. पोत्याला टेकून उभी होती. "गुर्जीले शून्य देऊ नका, मॅडम."

"हा गुरुजींचा आकडा नाही. तुझा आहे."

"माहा कायचा?" तिला खरंच कळेना. "म्या तं काहीच नाही वाचलं."

सातही नावं मी यादीत घातली. शिक्षिकेला सांगितलं, घरी ऐकू दे, ते बंद करणारे आपण कोण? शाळेत मात्र मागे म्हणणं बंद. उद्यापासून फळ्यावर एक-एक अक्षर.

एप्रिलमध्ये पुन्हा गेले, तिसराच उतारा घेऊन त्याच खोलीत बसले. ती मुलगी मिनिटात अकरा शब्द वाचू शकली. आवाज बारीक, किंचित घोगरा, तिचा स्वतःचा. प्रत्येक शब्द संपला की ती थांबायची आणि पोत्यांच्या बाजूला जराशी मान कलती करायची, कोणाचं तरी बोलणं पुरं होऊ द्यावं तशी. मग पुढचा शब्द. घड्याळ थांबवायचं नसतं, मी थांबवलं नाही. अकरा लिहिले.