बरगडी आणि अर्धं पान

कोशकाकांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा पृथ्वी क्षणभर फिरायची थांबली. इंग्रजी-मराठी शब्दकोशाच्या कचेरीत मुद्रितं तपासायला मी रुजू झालो होतो. जेमतेम खुर्चीला टेकलो, तोच मागून बरगडीत पेन्सिल घुसली. माझ्या किंकाळीनं रस्त्यापलीकडच्या न्हाव्याचा हात हलला आणि एका गिऱ्हाइकाची अर्धी मिशी गेली म्हणतात.

"काय वाटलं? टोचलं, बोचलं, की कुणी ढोसलं?" मागून प्रेमळ आवाज आला.

"मेलो!"

"तो शब्द 'डी'मध्ये. तो खंड कधीच झाला."

काका तेव्हा इंग्रजी 'पोक' या शब्दाच्या मागे लागले होते. अनुभवाशिवाय अर्थ लिहायचा नाही, हा त्यांचा बाणा. फक्त अनुभव दुसऱ्यानं घ्यायचा. त्यामुळे आमची सगळी कचेरी भिंतीला पाठ लावून चालायची. काकू तर म्हणायच्या, "'ए'पासून 'ओ'पर्यंत सगळं सोसलं हो मी. 'पी'ला माहेरी जाणार!"

पण माणूस रंगला की ऐकत राहावं. ढोसायचा 'पोक' डच-जर्मन बोलींकडून आला असावा. थैली म्हणजे 'पोक' तो निराळा, फ्रेंचांकडचा, आणि 'पॉकेट' त्याचंच लेकरू. "नाव एक, घराणी दोन," काका बजावत, "उगाच सोयरीक जुळवू नका!" असं करत करत त्यांनी त्या एका शब्दावर अर्धं पान लिहिलं. आयुष्यात इतकं सुंदर काही लिहिलं नाही, असं ते स्वतःच सांगत.

संपादक म्हणाले, "दोन ओळी. उद्या मजकूर छापखान्यात जातोय."

काकांचा चेहरा पडला. "साहेब, डिवचणं वेगळं, ढोसणं वेगळं. दोन ओळींत कसं मावेल?"

"सारखंच की हो," म्हणत साहेबांनी चहाचा कप तोंडाला लावला.

"सारखं?" काकांनी पेन्सिल उचलली. मी डोळे मिटले.

उघडले तेव्हा चहा साहेबांच्या शर्टावर होता.

"आता कळला फरक?" काकांनी आशेनं विचारलं.

"भाजलेलं कळलं!"

कोश वेळेवर निघाला. 'पोक'पुढे 'ढोसणे' एवढाच शब्द छापलाय. काकांची बदली गोदामात झाली. तिथून ते निवृत्त झाले.