तिचे मोकळे कपाळ

मी जिवंतपणी बायकोचे कुंकू एकदा पुसले आणि एकदा अडवले, असे वरवंडात अजूनही सांगितले जाते. सांगणाऱ्यांची माझ्यासमोर बोलण्याची छाती नाही, म्हणून मीच लिहितो.

नव्या शतकाची ती सुरुवातीची वर्षे. तिच्या फुफ्फुसात कॅन्सर निघाला आणि पुण्याच्या डॉक्टरांनी रोज घ्यायची एक गोळी सुरू केली. केस गेले नाहीत याचेच तिला अप्रूप. पण लवकरच कपाळ, नाक, गाल पुळ्यांनी भरले आणि बोटांची टोके चिरली. डॉक्टर म्हणाले, "पुरळ उठलं म्हणजे औषध लागू पडतंय असं समजा." त्या एका वाक्यावर आम्ही दोघे जगत होतो. सकाळी ती विचारी, "वाढल्यात का वो?" आणि वाढल्या असतील तर मी आनंदाने हो म्हणे.

कुंकवाने कपाळाची आग होई, टिकलीबरोबर कातडी निघे. तरी कुंकू तिने सोडले नाही. आंघोळीनंतर कुंकवाचे बोट आरशाला टेकवी आणि ठिपका आरशातल्या कपाळावर येईल अशी उभी राही. गावाने आरसा पाहिला नाही, मोकळे कपाळ तेवढे पाहिले.

संक्रांतीला राहू गावाहून मेव्हणी आली. चार बायकांत मला म्हणाली, "दाजी, तुम्ही जित्तं हाय न्हवं? मग माझ्या बहिनीचं कपाळ मोकळं का?"

"ते जित्तं हायेत म्हणून तर डोकं दुखतंय!" ही म्हणाली.

बायका हसल्या, आणि त्या हशातच मेव्हणीने तिच्या कपाळावर कुंकू लावले, चांगले दाबून. सणाच्या कुंकवाला ही नको कशी म्हणणार? पण तिने पदर घट्ट मुठीत धरलेला मला दिसला. उकळून गार केलेल्या पाण्यात जुन्या लुगड्याचा तुकडा भिजवून मी सगळ्यांदेखत ते कुंकू टिपून घेतले. फडक्यावर रक्तही उतरले होते. ते पाहायला कोणी थांबले नाही.

पुढे गोळीचा उपयोग होईना, म्हणून डॉक्टरांनी ती बंद केली. पुळ्या सुकल्या, चेहरा नितळ झाला. येणारे-जाणारे म्हणत, "आता तोंडावर तेज आलं." ती पुन्हा ठसठशीत कुंकू लावू लागली. "वाढल्यात का" हे मात्र तिने पुन्हा कधी विचारले नाही.

ती गेली त्या सकाळी मळवट भरायला मेव्हणीने कुंकवाची चिमूट उचलली आणि मी तिचे मनगट धरले. यालाच गाव 'अडवले' म्हणते. साफ खोटे. कपाळावर एकही पुळी उरलेली नव्हती, हे मलाही दिसत होते. मी फक्त म्हणालो, "हळू लाव."