सगळे परत येतात ते बेट

चिकू साठवता येत नाही. आज उतरवला की उद्या रवाना करावाच लागतो, नाहीतर परवा खोक्यात नुसता लगदा! त्यामुळे आशागडच्या आमच्या काकांच्या चिकू निवडायच्या शेडमध्ये काहीच साठून राहत नाही. साठतात ते फक्त किस्से. दुपारी डबे उघडले की कोणीतरी म्हणतं, "ताई, ती बेकरीवाली आठवते?" आणि मग एकातून दुसरा निघत जातो.

२०१५ मध्ये मी दिल्लीहून परत आले. पाचवीपासून हॉस्टेल, मग कॉलेज, मग समाजकार्याची पदवी. डोक्यात चित्र पक्कं होतं. काकांच्या शेडमधल्या बायका जेवणाच्या सुट्टीत गोल करून बसल्यात, मी त्यांना अक्षरं शिकवते आहे, मग कायदे, मग आरोग्य, आणि वर्षभरात त्या स्वतः अर्ज लिहिताहेत! प्रत्यक्षात पहिल्या दिवशी मी पाट्या वाटल्या, 'क' गिरवायला सांगितला आणि वळून पाहिलं, तर निम्म्या बायका पाटी उशाला घेऊन झोपलेल्या. पहाटे चारला उठून, घरचं सगळं करून आलेल्या बायका त्या. झोपतील नाहीतर काय!

वाचनालय काढायचं म्हणून मी पुस्तकंही मागत फिरत होते. बोर्डीकडचा एक बंगला रिकामा होत होता, तिथून मोठं खोकं आलं. इतिहास असेल, विज्ञान असेल म्हणून मी धावत उघडलं. आत सत्तावीस इंग्रजी कादंबऱ्या! सगळ्या एकाच छापाच्या. मुखपृष्ठावर छोटं बेट, दीपगृह, बर्फ आणि मफलर गुंडाळलेली मुलगी. सुट्टीत वाळूवर लोळत वाचायच्या आणि हॉटेलातच विसरून यायच्या अशा. मला अक्षरशः रडू आलं.

त्यातलंच एक पुस्तक मी शेडमध्ये चाळत बसले होते. मंगूमावशी शेडमधली सगळ्यांत जुनी बाई. चिकू नुसता तळहातावर घेऊन वजन सांगते. ती मुखपृष्ठावर वाकली.

"ही होडी कोणाची गं? वाच की जरा."

मी वाचायला लागले. म्हणजे डोळ्यांनी इंग्रजी, तोंडानं मराठी. त्या दिवशी कोणीही झोपलं नाही.

* * *

पहिल्या पुस्तकाची नायिका शहरातली नोकरी सोडून बेटावर येते, कारण मावशी वारते आणि तिची बेकरी हिला मिळते. पाचव्या पानावर मंगूमावशीनं हात वर केला.

"थांब. मावशी मेली तवा ही कुठं होती?"

"शहरात. नोकरी होती ना तिला."

"मग तिला शेवटचं पाणी कोणी पाजलं?"

ते पुस्तकात नव्हतं. बायकांना ते अजिबात पटेना. शेजारीण असेल का? बेटावर दवाखाना होता का? पोरीला निरोप कधी गेला? पाचव्या पानावर आम्ही दोन दिवस अडकलो! शेवटी मंगूमावशीनंच निकाल दिला, "दुकान मिळालं तवा आली बघ."

सगळ्या हसल्या. मग एकदम गप्प झाल्या, कारण माझी आई गेली तेव्हा मी दिल्लीला परीक्षेत होते, हे त्यांतल्या प्रत्येकीला माहीत होतं. तिला पाणी पाजणारी मंगूमावशीच होती, हे मला त्या दिवशी कळलं.

* * *

काकांचा वाचनाला विरोध होता. "अनू, तू त्यांना शिकवायला आलीस की माझा धंदा बुडवायला?" कारण जेवणाची सुट्टी संपली तरी गोष्ट संपायची नाही. मग मी वाचत राहायचे आणि बायका चिकू निवडत ऐकायच्या. मोठा एका खोक्यात, मधला दुसऱ्यात, बारका तिसऱ्यात.

एकदा दिल्लीच्या व्यापाऱ्याचा फोन आला. काका स्पीकरवर बोलत होते. "शेठ, क्या भेजा है? ऊपर बडा, बीच में छोटा, नीचे फिर बडा!"

काकांनी तारीख काढली. मी आठवून पाहिलं. त्या दुपारी बेटावरच्या डॉक्टरनं नायिकेला मागणी घातली होती!

"वाचन बंद," काका म्हणाले. बायकांनी माना खाली घातल्या. पाच मिनिटं शेडमध्ये नुसता चिकू ठेवल्याचा आवाज. मग वजनकाट्यामागून काकाच म्हणाले, "पण तिनं हो म्हटलं का नाही? तेवढं सांगून टाक."

* * *

या कादंबऱ्यांमध्ये एक गोष्ट ठरलेली. नाताळच्या आदल्या दिवशी वादळ होतं, बोट बंद पडते, आणि जो माणूस यायचा असतो तो येत नाही. मग शेवटच्या दोन पानांत वादळ थांबतं, बोट लागते, आणि तो उतरतो. हातात बॅग, खांद्यावर बर्फ. सत्तावीसपैकी निदान वीस पुस्तकांत असंच!

"या तांडेलाला अक्कल हाय का?" मंगूमावशी चिडली. "दर वर्षाला वादळातच होडी काढतो!"

तेव्हा कोपऱ्यातून रत्ना म्हणाली, "काढू दे ना मावशी. येतंय ना माणूस."

रत्ना शेडमध्ये बोलत नसे. तिचं माहेर तलासरीकडचं. आमच्या भागातली कितीतरी माणसं दर सीझनला गुजरातच्या बंदरांत बोटीवर खलाशी म्हणून जातात. तिचा नवरा सुनील तसाच गेला होता. समुद्रात हद्दीची रेघ दिसत नाही. बोट पलीकडे गेली, तिकडच्यांनी पकडली, आणि सुनील कराचीच्या तुरुंगात. सुटका झालेल्यांच्या याद्या अधूनमधून येत. त्याचं नाव त्यात नसे.

शेडमध्ये एक नियम कोणी न सांगता पाळला जायचा. रत्नासमोर 'कधी येणार' असं म्हणायचं नाही. टेम्पोबद्दलसुद्धा नाही! 'टेम्पो कधी येणार' ऐवजी सगळ्या विचारायच्या, 'टेम्पो निघाला का?' मी नवी असताना एकदा चुकून म्हटलं होतं, तर मंगूमावशीनं माझ्या तोंडात चिकूची फोड कोंबली.

* * *

अकरावं का बारावं पुस्तक असेल. नायिकेचा नवरा मासेमारीला गेलेला. वादळ झालं, बोट थांबली, सगळं नेहमीसारखं. मी बेफिकीर वाचत होते. शेवटच्या प्रकरणाशी आले आणि पुढच्या ओळी दिसल्या. त्याची रिकामी होडी सापडते. नायिका रडते, दीपगृहाशी एकटी उभी राहते, आणि नव्यानं आलेला मास्तर तिच्या खांद्यावर शाल टाकतो.

मी मान वर केली. रत्नाच्या हातात चिकू तसाच होता. मोठ्यात नाही, बारक्यात नाही.

मी दिल्लीत एक वर्ष भांडले होते, की लोकांपासून सत्य लपवणं हा त्यांचा अपमान आहे. निबंध लिहिला होता त्यावर! आणि त्या दुपारी मी म्हणाले, "...आणि तेवढ्यात लांबून भोंगा ऐकू आला. दुसऱ्या जहाजानं त्याला वाचवलं होतं."

शेडमध्ये टाळ्या! मंगूमावशीनं पदरानं डोळे पुसले. काकांनी काट्यामागे नाक शिंकरलं.

"किती दिवसांनी आला?" रत्नानं विचारलं.

"नऊ महिने."

"बारीक झाला असंल," ती म्हणाली, आणि चिकू मधल्या खोक्यात ठेवला.

तिथून पुढे मी थांबलेच नाही. जो कोणी बुडाला, हरवला, सोडून गेला, त्याला मी परत आणलं. एका पुस्तकात तर मी एक कुत्रासुद्धा परत आणला! अक्षरं गिरवायचं मात्र राहूनच गेलं. पाट्या शेडच्या माळ्यावर गेल्या, आणि कोणाला आठवणही झाली नाही. मलाही नाही.

* * *

एकदा एक हवालदार शेडवर आला. चांगला माणूस होता. पलीकडच्या तुरुंगातला सुनील तो आपलाच, याची खातरजमा करायची होती. फोटो पाहिला, रेशनकार्ड पाहिलं. मग विचारलं, "ओळखीची खूण?"

रत्ना विचारात पडली. मग म्हणाली, "जेवताना आधी सगळा भात खातात. भाकर मागनं, कोरडी."

हवालदारानं पेन थांबवलं. "बाई, शरीरावरची खूण."

"झोपेत पाय हालवतात. बोटीवर असल्यागत."

"ताई," हवालदार माझ्याकडे वळला, "तुम्ही समजावा ना यांना."

मी काय समजावणार? शेवटी मंगूमावशीला आठवलं, लहानपणी त्याच्या डाव्या कोपराला विळा लागला होता. हवालदारानं तेवढं लिहून घेतलं. जाताना मात्र तो दारात थांबला आणि रत्नाला म्हणाला, "भाताचं मी साहेबांना तोंडी सांगतो."

* * *

आणि हा शेवटचा किस्सा. हा आम्ही डबे उघडून कधी सांगत नाही.

२०१८ च्या सीझनमध्ये रत्नाला चिठ्ठी आली. सुनीलला लिहिता येत नव्हतं. त्याच्यासाठी तुरुंगातला दुसरा एक खलाशी हिंदीत लिहायचा. आधीच्या दोन चिठ्ठ्याही मीच वाचल्या होत्या. दुपारी सगळ्या जेवत असताना तिनं ती माझ्या हातात दिली.

पुढच्या बाजूवर नेहमीचंच होतं. मैं ठीक हूँ. पोरगी शाळेत जाते का? पावसाआधी कौलं फिरवून घे. आईला सांग काळजी करू नको. मी एकेक वाक्य मराठीत सांगत गेले. रत्ना मान हलवत होती.

मग मी कागद जरा कलता केला आणि मागची बाजू पाहिली. तिथं अक्षर तेच, पण बोलणारा वेगळा. लिहिणाऱ्यानं स्वतःकडून लिहिलं होतं. 'भाभी, पुढच्या बाजूचं सुनीलनं आधी सांगितलेलं. नंतर त्याला ताप आला. दवाखान्यात नेलं त्याला दीड महिना झाला. परत बराकीत आणलं नाही. विचारलं तर कोणी सांगत नाही. तिकडून कोणाला तरी विचारायला लावा.'

मी कागदाची घडी घातली.

"बस," मी म्हणाले. "एवढंच आहे."

रत्नानं चिठ्ठी घेतली, पोलक्यात ठेवली आणि निवडायला बसली. मोठा, मधला, बारका. एकही चिकू चुकला नाही.

संध्याकाळी टेम्पो भरला, बायका निघाल्या. रत्ना मागे राहिली. चपला घालता घालता म्हणाली, "ताई, गोष्ट संपत आली की तुम्ही पान उलटत नाही. नुसत्या एकाच पानाकडं बघत बोलत राहता. सगळ्यांना माहीत हाय ते. मंगूमावशीला पण."

"मग कोणी बोललं का नाही?"

"कशाला बोलायचं? चांगलं सांगत होता."

तिनं दुसरी चप्पल घातली.

"चिठ्ठी काल दिरानं वाचली होती. पुढनं, मागनं, सगळी. मला वाटलं, तुम्ही वाचली तर वेगळी निघंल."

आणि ती निघून गेली. मी शेडच्या दारात उभी राहिले. तिनं माझ्याकडे एक शेवट मागितला होता, आणि पुस्तकांत ज्याला त्याला परत आणणाऱ्या मला तिच्या माणसासाठी एक ओळसुद्धा सुचली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी काकांना सांगितलं, आज शेडवर येत नाही. उद्याचंही सांगता येत नाही. त्यांनी स्कूटरची किल्ली पुढे केली.

रत्ना अंगणात भांडी घासत होती.

"ती चिठ्ठी घे," मी म्हणाले. "पालघरला कलेक्टर कचेरीत जाऊ. तिथं नाही कळलं तर मुंबईला, मुंबईत नाही कळलं तर दिल्लीला. दिल्ली मला माहीत आहे."

तिनं हात धुतले. पदराला पुसले. बराच वेळ पुसत राहिली.

"तिथं कागद देतील," ती म्हणाली.

"देतील."

"इंग्रजी असंल."

"मी वाचीन. जे असेल ते. दोन्ही बाजू."

ती आत गेली, आणि मी स्कूटर वळवून उभी केली.