काझी मॅडमची तिसरी खोली

ऐन मे महिन्यात, लातूरच्या उन्हाने भिंती भाजून निघत असताना, काझी मॅडम स्वतः उठून पंखा बंद करत. "घाम पुसत ऱ्हा, पण नळी उघडी असताना पंखा न्हाई," असं बजावूनच त्या नमुन्याला हात लावत. मी चाकूरहून त्यांच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागले, त्या पहिल्याच दिवशी त्यांनी मला तीन खोल्यांचे तीन वेगळे ॲप्रन दिले. दुपारपर्यंत मी त्यांची अदलाबदल करून बोलणीही खाल्ली.

मॅडम मूळच्या औशाच्या, पॅथॉलॉजीच्या डॉक्टर. लातूरच्या भूकंपानंतर त्या पत्र्याच्या शेडमधल्या दवाखान्यात काम करायला गेल्या होत्या. ढिगाऱ्यातून जिवंत निघालेली एक बाई मोडलेला हात घेऊन तिथे आली. बोलता बोलता कळलं, अंगावरून रक्त जाणं भूकंपाच्या कितीतरी आधीपासून सुरू होतं. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर होता, आणि वेळ निघून गेली होती. "घर अंगावर पडलं तरी वाचली, आन् ह्याच्यात गेली," मॅडम सांगत. सांगताना त्यांचे डोळे कधी भरून आले नाहीत, त्या चिडत.

हा कॅन्सर एका विषाणूमुळे होतो. काचेवर पेशी पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघण्याची जुनी पद्धत मॅडमना उत्तम यायची, पण त्यांना त्या विषाणूलाच आधी पकडायचं होतं. ब्रशने घेतलेल्या नमुन्यातून डीएनए काढायचा आणि त्यात विषाणूचा अंश असेल तर यंत्रात त्याच्या असंख्य प्रती करायच्या, म्हणजे तो दिसतो. मात्र त्या प्रतींतला कणभर भाग जरी दुसऱ्या नळीत उडाला, तरी निरोगी बाई बाधित दिसते. म्हणून तीन खोल्या हव्यात: रसायनं एकीत, नमुने दुसरीत, यंत्र तिसरीत.

तोवर गावात क्लासेसचं पेव फुटलं होतं. एके दिवशी घरमालक अप्पा आले आणि तिसरी खोली मागू लागले. "मॅडम, एवढ्या जागेत साठ पोरं बसतेत. तुमची मशीन एकटीच बसून राहिली."

"अप्पा, ती एकटी बसली तरच खरं बोलती!"

अप्पांना ते पटलं नाही. यंत्र नमुन्यांच्या खोलीत आलं. दरवेळी आम्ही एका नळीत नुसतं शुद्ध पाणी ठेवत असू. तिच्यात काही निघता कामा नये. त्या आठवड्यात तिच्यात विषाणू निघाला.

"आता पाण्यालाच रोग झालाय, बोल!" मॅडमनी हातमोजे टेबलावर आपटले. सगळे निकाल रद्द झाले. नमुने होते गावोगावहून आलेल्या आयांचे. भाड्याच्या खोल्यांत राहून क्लासला आलेल्या मुलांना रांधून घालणाऱ्या. महत्प्रयासाने आणलेल्या त्या बायका पुन्हा बोलावल्यावर फिरकेनात. भोकरहून आलेल्या विमलताईंच्या खोलीवर तर मॅडम मला घेऊन स्वतः गेल्या.

"ताई, चूक आमची हाय. फकस्त परत एकदा नमुना द्या."

"पोरीची बारावी हाय मॅडम. तिला कळलं तर चित्त उडंल तिचं."

"परीक्षा तिची हाय, तुमची न्हाई!"

"आईचीबी असतीच की," विमलताई म्हणाल्या आणि पोळी लाटत राहिल्या.

परीक्षा झाली. मार्क कमी पडले म्हणून मुलगी पुन्हा परीक्षेला बसली, आणि विमलताईंचं येणंही वर्षभर पुढे गेलं. आल्या तेव्हा रक्त जायला लागलं होतं. तोवर खोली धुऊन-पुसून पाण्याची नळी पुन्हा कोरी येऊ लागली होती. विषाणू सापडला, पुढच्या तपासणीत कॅन्सरही. दूरच्या शहरात किरणांचे उपचार घेऊन त्या वाचल्या, पण निम्म्या होऊन परतल्या. मी म्हटलं, "मॅडम, वाचल्या ना!"

"ह्याला वाचवणं म्हणू नको," त्या उसळल्या. "वेळेत सापडलं असतं, तर बारक्या इलाजानंतर त्याच दिवशी घरी गेली असती ती."

पुढे अप्पांनी अख्खा मजलाच मागितला. नवी जागा मिळेना. जी मिळे तिच्यात तीन खोल्या नसत. शेवटी यंत्र विकलं. सामानाची खोकी बांधून आम्ही टेम्पोची वाट बघत होतो, तेवढ्यात वरच्या मजल्यावरून अप्पांच्या पत्नी चहा घेऊन उतरल्या. कप ठेवूनही त्या जाईनात. पदराशी चाळा करत हळूच म्हणाल्या, "मॅडम, माझं बी बघता का? लई दिवस झाले, मधीच लाल जातं. ह्यांना सांगितलं न्हाई."

मॅडमनी कप बाजूला सारला. "डोक्यावर राहत होता तुम्ही इतकी वर्सं! आन् आज येता?"

त्या बाई रडू लागल्या. बाहेर टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला.

"त्याला थांबायला सांग," मॅडम मला म्हणाल्या आणि खोक्याची दोरी दातांनी सोडू लागल्या. "मशीन गेली, पण काचा हाईत. खालच्या खोक्यात असतील, काढ. आन् दार लाव."